घाटशीळ आणि बालाघाटची कड : कधी जायचं, कुठं उभं राहायचं, काय चुकतं? (अनुभव धागा)

सीनाकाठ
काल सोलापूरहून धाराशिवला जाताना तामलवाडी मागं पडली आणि समोर बालाघाट डोंगराची कड उभी राहिली. दोन दिवस पाऊस होऊन गेल्यामुळं हवा धुतलेली, कडेवरचं झाड न् झाड वेगळं दिसत होतं. लहानपणी एसटी इथं आली की मागच्या बाकावरून कुणीतरी 'आई राजा उदो उदो' म्हणायचं आणि अख्खी गाडी साथ द्यायची, ते आठवलं. म्हणून हा धागा.

सोलापूरकर तुळजापूरला वर्षातून तीन-चार वेळा जातोच. दर्शन, ओटी, प्रसाद, परत. पण तुळजापूरच्या घाटाच्या माथ्यावर घाटशीळ आहे, तिथं अर्धा तास बसून खालचा मुलूख बघणारे फार थोडे. रामाला लंकेची वाट दाखवायला देवी ज्या शिळेवर आली ती ही शिळा, अशी कथा आहे. रामवरदायिनी हे नाव त्यातूनच. म्हणजे ही जागा मुळातच लांबवर बघण्यासाठीची आहे! सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर आणि तुळजापूर ६५० च्या आसपास. हा दोनशे मीटरचा फरक वाटेत थोडाथोडा आणि मग घाटात एकदम येतो, म्हणून कडेवरून खालचं सगळं नकाशासारखं पसरलेलं दिसतं.

नुसतं 'भारी जागा आहे' नका लिहू. महिना, वेळ, गाडी, खाणं, धोका, जे ठाऊक आहे ते नेमकं लिहा. नळदुर्ग, रामलिंग, धाराशिव लेणी, तिकडचंही चालेल.

चाटीगल्ली
उदो उदो!! सविस्तर संध्याकाळी लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

घाटकरी
महिन्यापासून सुरू करतो, कारण चूक तिथंच होते. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे जुलैत येतात आणि डोंगर पिवळा बघून हिरमुसतात. आपला भाग पर्जन्यछायेतला. सह्याद्रीत जुलैला धो धो असतो तेव्हा इथं नुसतं ढगाळ आणि वारं. आपला खरा पाऊस सप्टेंबरचा. त्यामुळं बालाघाट हिरवा बघायचा तर सप्टेंबरचा दुसरा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य. दिवाळीनंतर गवत सोनेरी होतं, तेही बघण्यासारखंच, पण हिरवं म्हणून जाल तर उशीर झाला.

आता वेळ. पाऊस थांबल्यावर लगेच जाऊ नका, दमट वाफ असते. दुसऱ्या दिवशीची सकाळ, सात ते साडेनऊ. त्या अडीच तासांत जितकं लांबचं दिसतं तितकं वर्षभरात दिसत नाही. हिवाळ्यात मात्र सकाळी जाऊ नका, संध्याकाळी जा. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खालीच बसते आणि चुलीचा, पाचट जाळल्याचा, वाहनांचा सगळा धूर तिच्यातच कोंडतो. वरून बघताना मैदानावर राखाडी झाकण ठेवल्यासारखं दिसतं. दहा-साडेदहाला ऊन लागलं की झाकण उचलतं.

मार्च ते मे दुपारी धूळ आणि झळा, काही दिसत नाही. गेलातच तर उजाडताना.

पुण्यातलीसोलापुरी
@घाटकरी हे जुलैचं कुणीतरी आधी सांगायला हवं होतं हो. दरवर्षी सासरच्यांना जुलैतच आणते. यंदा सप्टेंबर नक्की. सूर्यास्त दिसतो का तिथून?

घाटकरी
दिसतो ताई, पण तोही महिन्यावर. कड साधारण दक्षिण-नैऋत्येला तोंड करून आहे. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या २४-२५ अंश दक्षिणेला मावळतो, म्हणजे मैदानावरच. मे-जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडं सरकलेला असतो, तेव्हा तो डोंगराच्या बाजूला जातो. सूर्यास्तासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरच्या सुरुवातीला इथं पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो, पाचला जागेवर पाहिजे. पौर्णिमेचा चंद्र बघायला गेलात तर तो तुमच्या पाठीमागून, गावाच्या बाजूनं उगवणार हे धरून चला.

एसटीप्रेमी
गाडी नसेल त्यांच्यासाठी. सोलापूर मुख्य स्थानकावरून तुळजापूर तर आहेच, शिवाय धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगरच्या गाड्याही तुळजापूरवरून जातात, त्यामुळं फार थांबावं लागत नाही. अंतर ४५ किमी, तास-सव्वा तास.

बसायचं डाव्या बाजूला. सकाळी जाताना तोंड उत्तरेला, ऊन उजवीकडून. संध्याकाळी परतताना तोंड दक्षिणेला, ऊन परत उजवीकडूनच. दोन्ही वेळा डावी बाजू सावलीची. महिलांना अर्धं तिकीट, ७५ च्या वरच्यांना मोफत. आधार कार्ड बरोबर ठेवा, वाहक मागतातच.

बाळीवेस
डावीकडचं हे कधी सुचलं नव्हतं राव. लिहून ठेवलं.

दगडधोंडे
घाटातल्या दगडाबद्दल लिहितो, कारण कडेवर कुठं उभं राहायचं ते दगडच ठरवतो.

हा सगळा दख्खनचा काळा दगड, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले आडवे थर. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट आणि वरचा भाग भोकाभोकांचा. भोकाभोकांचा भाग कुजून मुरूम होतो. रस्त्यासाठी जिथं डोंगर कापलाय तिथं दोन थरांच्या मध्ये विटकरी रंगाची पट्टी दिसते, एक लाव्हा थंडावल्यावर आणि दुसरा येण्याआधी वर जी माती झाली ती भाजून तशी झालीय. भोकांत पांढरे चमकणारे स्फटिकही मिळतात.

आता कामाचं. मऊ थर आधी झिजतो आणि वरचा घट्ट थर छज्जासारखा पुढं लटकत राहतो. लटकलेल्या भागाला कडेला समांतर भेगा पडतात. पावसाळ्यात भेगेत पाणी आणि माती शिरून ती रुंदावते. म्हणून कडेजवळ जाताना आधी जमीन बघा. समांतर भेग दिसली, मग ती बोटभर का असेना, तिच्या अलीकडंच थांबायचं. गवत वाढलं की भेग झाकली जाते, म्हणून सप्टेंबरात कडेपासून दोन मीटर मागं. आणि मुरमाच्या उतारावर सपाट तळव्याची चप्पल घालून उतरू नये. मुरमाचे खडे गोल फिरतात, पाय गोट्यांवर ठेवल्यासारखा सरकतो.

अजून एक. ही कड म्हणजे पाणलोटाची वेस आहे. सोलापूरच्या बाजूला पडलेलं पाणी बोरी, सीना अशा वाटांनी भीमेत आणि पुढं कृष्णेत जातं. पलीकडचं तेरणेत, तेरणेतून मांजरेत, मग गोदावरीत. दोन्ही पाणी बंगालच्या उपसागरालाच मिळतात, पण शेकडो किलोमीटरच्या अंतरानं.

चाटीगल्ली
@दगडधोंडे हे पाण्याचं वाचून अंगावर काटा आला. मुलांना दाखवायलाच पाहिजे.

विजापूरवेस
तिथून सोलापूर दिसतं का? आमच्याकडं यावरून वाद आहे.

दगडधोंडे
हिशोब करू. उंचीचं वर्गमूळ काढून ३.५७ नं गुणलं की क्षितिज किती किलोमीटरवर ते येतं. १९० मीटर उंची धरली तर जवळपास ४९ किमी. सोलापूर सरळ रेषेत ४२-४३. म्हणजे पृथ्वीची गोलाई आड येत नाही. पण मधली जमीन सपाट नाही, बारीक चढउतार आहेत आणि हवेत धूळ असते. त्यामुळं दिवसा इमारती ओळखू येतील अशी आशा ठेवू नका. अंधार पडल्यावर दक्षिणेला, किंचित उजवीकडं, आकाशाच्या तळाशी जो पिवळसर उजेड दिसतो तो आपल्या शहराचा. महामार्गावरच्या दिव्यांची ओळ त्याच दिशेनं जाते, तिच्यामागं नजर न्यायची.

विजापूरवेस
म्हणजे दोघंही बरोबर. घरी दाखवतो.

कडक_भाकरी
डबा काय न्यायचा ते कुणीच लिहीना, म्हणून मी. कडेवर वारं असतं. पोळी वाळून कातडं होते, भात कोरडा पडतो, वेफर्सची पिशवी उडून खाली जाते (आणि तिथंच राहते, वर्षानुवर्षं). आपली कडक भाकरी मात्र वाऱ्यात जशीच्या तशी. फक्त दमट हवा लागली की ती मऊ पडते, म्हणून पावसाळी दिवसात घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, खाली-वर वर्तमानपत्राची घडी घालून. पिशवीत सुट्टी नेली तर पोचेपर्यंत चुरा. चुरा झालाच तर दह्यात कालवायचा, वरून चटणी, कांदा. तीही मजाच.

चटणी : पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर डाग पडेपर्यंत भाजून सालं काढायची. लसूण १०-१२ पाकळ्या, लाल तिखट दोन चमचे, जिरं एक चमचा, मीठ. आधी लसूण-जिरं-मीठ-तिखट उखळात, मग दाणे थोडेथोडे. कुटताकुटता तेल सुटून गोळा व्हायला लागला की झाली. मिक्सरला लावायची तर थांबूनथांबून फिरवा. सलग फिरवलं तर आधी पूड होते आणि मग एकदम लगदा, मधली खरी चटणी निसटते. कोरडा चमचा वापरला तर आठ-पंधरा दिवस काही होत नाही.

तळ्याकाठी
@कडक_भाकरी तिळाचं लिहा की ओ, भाकरीला तीळ लावता का?

कडक_भाकरी
लावते. थापताना वरच्या अंगाला, ओल्या हातानं दाबून. भाजल्यावर लावले तर झडतात. पीठ मालदांडी ज्वारीचं आणि ताजं दळलेलं. जुन्या पिठाला चिकटाई राहत नाही, पातळ थापताना कडा फाटतात. थापायची नेहमीच्या निम्म्या जाडीची, आणि तव्यावर भाजून झाली की मंद आचेवर हळूहळू वाळवायची. घाई केली तर बाहेरून करपते, आत ओल राहते आणि चार दिवसांत वास येतो.

अक्कलकोटरोड
भाकरीवरून परत घाटाकडं या सगळ्यांनी 😄

स्कूटरवरून जाणाऱ्यांसाठी. चढताना काही नाही, दोघं बसलेली ११०-१२५ सीसी गाडी आरामात चढते. उतरताना जपायचं. गिअरच्या गाडीला इंजिनचा रोध मिळतो : तिसऱ्यात चढलात तर तिसऱ्यातच उतरा, न्यूट्रल नाही, इंजिन बंद तर अजिबात नाही. स्कूटरला वेग कमी झाला की आतला क्लच आपोआप सुटतो आणि गाडी नुसती घरंगळते. मग माणूस ब्रेक दाबूनच ठेवतो. सतत दाबून ठेवला की ड्रम तापतो, लायनर गुळगुळीत होतो, जळका वास येतो आणि लिव्हर हँडलला टेकला तरी गाडी थांबत नाही. उपाय साधा : दोन्ही ब्रेक एकदम, दोन-तीन सेकंद दाबायचे, पूर्ण सोडायचे, परत दाबायचे. वास आलाच तर कडेला घेऊन दहा-पंधरा मिनिटं थांबा, ड्रमवर पाणी मारू नका.

नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर. अंधारात ते उभं आहे की चालतंय ते कळत नाही. सूर्यास्त बघून परतणाऱ्यांना हाच मोठा धोका आहे. वेग पन्नासच्या आत ठेवा आणि ट्रॉली दिसली की डाव्या बाजूनं ओलांडायचा विचारही नको.

माळरान
+१. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या कारखान्यांवर वाटतात, पण उसाच्या पाल्यानं झाकल्या जातात. पट्टी ट्रॉलीच्या चौकटीवर खाली लावायला हवी.

तळ्याकाठी
जातायेता हिप्परग्याला थांबा. तुळजापूर रस्त्यालाच आहे, शहराबाहेर पडलं की लगेच. एकरुख तलाव म्हणतात तो हाच, अदिला नदीवरचा, १८७१ सालचा. बांधावरून पाणी बघायचं आणि मग तासाभरानं वरून मैदान. हिवाळ्यात बाहेरचे पक्षी येतात. सकाळी ऊन पाठीमागं राहील अशा बाजूला उभं राहा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात.

विजापूरवेस
तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचं कुणी लिहील का? कोजागिरीला बायको आणि मेहुणी निघणार आहेत, पहिल्यांदाच.

रूपाभवानी_ते_घाट
लिहितो. बहुतेक लोक सोलापुरातल्या रूपाभवानीला नमस्कार करून संध्याकाळी निघतात. ४५ किमी. ताशी साडेचारनं नुसतं चालणंच दहा तास, थांबे धरून बारा-तेरा. चूक कुठं होते ते सांगतो. सुरुवातीला सगळे उत्साहात ताशी सहानं सुटतात आणि तामलवाडीत पोटऱ्या धरून बसतात. पहिले दोन तास मुद्दाम हळू चाला. दर तासाला पाच मिनिटं थांबा, पण बसू नका. बसलं की स्नायू आखडतात. बसायचं ते फक्त दोनदा, पाय वर करून.

नवी चप्पल नवे बूट नाही, किमान महिनाभर वापरलेले. नखं दोन दिवस आधी कापा. त्याच दिवशी कापली तर कोपरे टोचतात. बोटांच्या मध्ये आणि टाचेला खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन, वर सुती मोजे, एक कोरडी जोडी पिशवीत. फोड आला तर कातडी ओढून काढू नका. स्वच्छ सुईनं कडेला टोचून पाणी काढा, कातडी तशीच ठेवून वर पट्टी. अनवाणी चालणाऱ्यांनी पांढऱ्या पट्ट्यावरून चालावं, तो डांबरापेक्षा गुळगुळीत असतो. पण ओला असेल तर तोच घसरतो.

वाटेत चहा, केळी, खिचडी देणारे भरपूर असतात. प्रत्येक ठिकाणी चहा घेतला तर पित्त होणार. पाणी घोटघोट घ्या, दर दोन-तीन तासांनी चिमूटभर मीठ-साखर घालून.

घाट शेवटी येतो, पाय संपल्यावर. चढताना पावलं लहान करा आणि पूर्ण तळवा टेकवा. चवड्यावर चढलं की पोटरीत गोळा येतो. घाटशीळेला पोचेपर्यंत उजाडलेलं असेल तर तिथं थांबून मागं वळून बघा. रात्रभर चाललेला अख्खा रस्ता खाली दिसतो.

त्या दिवसांत वाहतूक वळवलेली असते, त्यामुळं न्यायला येणाऱ्या गाडीच्या भरवशावर राहू नका, परतीला एसटी. आणि घरच्यांना सांगून ठेवा : दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत देवी पलंगावर निद्रेत असते, पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर. त्यामुळं त्या पहाटे गर्दी अफाट.

विजापूरवेस
लई लई आभार दादा. दोघींना वाचून दाखवतो. बायको म्हणते पट्टी कोणती घ्यायची?

रूपाभवानी_ते_घाट
कापडी चिकटपट्टी, एक इंचाची, औषधाच्या दुकानात मिळते. प्लॅस्टिकची घामानं सुटते.

नळदुर्गकर
नळदुर्ग किल्ल्यातल्या उपळी बुरुजाबद्दल. हैदराबाद रस्त्यानं सोलापूरपासून पाऊण-एक तास. किल्ल्यातला सगळ्यात उंच बुरूज, वर दोन लांब तोफा आहेत. पायऱ्या उंच आणि अरुंद, कठडा सगळीकडं नाही, म्हणून चढताना मुलं पुढं आणि मोठं माणूस मागं, उतरताना मोठं माणूस पुढं. वरून बोरी नदीचं वळण, तटाची रेघ आणि पाणीमहाल एका नजरेत येतं. दहाच्या आत चढा, दगड तापला की हात टेकवत नाही.

पाणीमहाल म्हणजे नदीवरच्या बांधाच्या पोटातच बांधलेली खोली, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातली. बांधावरून पाणी पडलं की आत बसून पाण्याचा पडदा बघता येतो. नर आणि मादी असे दोन सांडवे. पण ते रोज पडत नाहीत. वरचं बोरी धरण भरून सांडायला लागलं की मगच. म्हणजे पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर, तेही पाऊस चांगला झाला तर. निघण्याआधी धरण भरलं का ते विचारा, नाहीतर ओली भिंत बघून परत. शेवाळ असतं तिथं, रबरी चप्पल नको.

बाळीवेस
किल्ल्यात कमानीखाली आग्या मोहोळं लटकलेली असतात, हे सगळ्याच जुन्या बांधकामांना लागू. धूर, भडक अत्तर, दगड मारणं नाही. ड्रोन तर अजिबात नाही. उठलीच तर हात न हलवता, तोंड झाकून, सरळ लांब पळत सुटायचं. पाण्यात उडी मारू नका, वर घिरट्या घालत थांबतात.

पुण्यातलीसोलापुरी
रामलिंग लांब पडेल का सोलापुराहून? एका दिवसात घाटशीळ आणि रामलिंग?

माळरान
होतं. रामलिंग येडशीजवळ, येडशी सोलापूरपासून ऐंशी-नव्वद किलोमीटर, रस्ता चौपदरी. पण क्रम उलटा ठेवा : सकाळी आधी रामलिंग, परतताना दुपारी चारनंतर घाटशीळ. रामलिंग घळीत आहे, देवळाला खाली उतरून जायचं, भोवती ओढा, पावसात धबधबा. दुपारनंतर घळीत सावली पडते आणि फोटो काळे येतात. बघायची उंचावरची जागा म्हणजे उतरणीआधीचा वरचा रस्ता.

अभयारण्य आहे ते, १९९७ पासून. माकडं खूप. हातात पिशवी दिसली की झडप घालतात, म्हणून खाणं गाडीत, काचा पूर्ण बंद, आणि चष्मा दोरीनं अडकवा. त्यांना केळी देऊ नका. माणसाच्या हातचं खायची सवय लागलेलं माकड पुढच्या माणसाला चावतं. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून आलेला वाघ तिथं कॅमेऱ्यात टिपला गेला. घाबरून जायचं सोडू नका, पण पायवाट सोडून झाडीत शिरणं, पहाटे-तिन्हीसांजेला एकटं फिरणं टाळा, आणि वनरक्षक थांबा म्हणाले तर थांबा.

रेल्वेवाले असतील तर : येडशी स्टेशन कुर्डुवाडी-लातूर मार्गावर. पूर्वीची बार्शी लाइट रेल्वे, १८९७ ला बार्शीपर्यंत आणि १९११ ला लातूरपर्यंत पोचलेली ती छोटी गाडी. आता रुंद रूळ आहेत. खिडकीतून घाट बघायचा तर पावसाळ्यानंतर दिवसाची गाडी.

एसटीप्रेमी
छोटी गाडी... आजोबा लोकांना विचारा, चढाला गाडी इतकी हळू व्हायची म्हणतात की उतरून परत चढता यायचं.

पुण्यातलीसोलापुरी
@माळरान धन्यवाद. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना काय जमेल?

चाटीगल्ली
आले परत. ताई, त्यांच्यासाठी घाटशीळच सोपी, गाडी जवळपर्यंत जाते. भवानीचं देऊळ मात्र खोलात आहे. महाद्वारातून पायऱ्या उतरून जायचं, म्हणजे जाताना सोपं वाटतं आणि परतताना सगळं चढणं. गुडघ्याला उतरणं जास्त लागतं आणि दमायला चढणं, दोन्ही एकाच ठिकाणी. म्हणून दर्शनानंतर घाटशीळ ठेवा, तिथं बसून विसावा होतो. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळा. बुधवार-गुरुवार सकाळी रांग लहान असते. उतरताना दुखरा पाय आधी खाली, चढताना चांगला पाय आधी वर. कठडा धरायला उजवा हात मोकळा ठेवा, ओटीचं ताट दुसऱ्या कुणाकडं.

बसायला आपली सोलापुरी चादर न्या, जुनी, दुपदरी करून. दगड हिवाळ्यात गार आणि उन्हाळ्यात तापलेला, चटईतून दोन्ही लागतं. वाऱ्यात चटई उडते, चादर जड असते म्हणून बसते.

घाटकरी
विजेचं लिहायचं राहिलं, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुपारनंतर ढग चढतात आणि कडेवर आपणच सगळ्यात उंच असतो. चमकल्यापासून गडगडेपर्यंत सेकंद मोजा, तीननं भागलं की किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आलं तर फोटो सोडा आणि गाडीत बसा, काचा बंद. एकट्या झाडाखाली नाही, उघड्या पत्र्याच्या शेडखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच बाहेर.

आणि वर गार असेल म्हणून मे महिन्यात निघू नका. दोनशे मीटरला फरक पडतो सव्वा अंशाचा. खाली ४२ असेल तर वर ४१. वारं असतं म्हणून बरं वाटतं, पण तेच वारं अंगातलं पाणी ओढतं. माणशी तीन लिटर पाणी.

अक्कलकोटरोड
फोटो काढणाऱ्यांना एक : मोबाईल आपोआप आकाशाचा उजेड धरतो आणि जमीन काळी करतो. पडद्यावर शेतावर बोट ठेवून दाबून धरा, मग उजेड थोडा कमी करा. झूम करू नका, धुळीमुळं सगळं राखाडी येतं. आणि पाठ कडेला करून सेल्फी नको, मागं सरकताना भान राहत नाही.

तळ्याकाठी
ऑक्टोबरनंतर सीताफळं मिळतात घाटावर. डोळे उघडलेलं, म्हणजे खवल्यांच्या मधल्या रेघा पांढरट पिवळ्या झालेलं घ्या. हिरव्या मिटलेल्या डोळ्यांचं कितीही दाबून ठेवलं तरी पिकत नाही, दगड होतं. पिकायला गव्हात किंवा ज्वारीत पुरून ठेवा, दोन-तीन दिवस.

विजापूरवेस
आमच्याकडं तांदळाच्या डब्यात ठेवतात. चालतं ना?

तळ्याकाठी
चालतं की. फक्त रोज चाचपून बघा, एक फुटलं तर डबाभर मुंग्या.

बाळीवेस
एक विचारायचं होतं. मागच्या नोव्हेंबरपासून मोज्यात कुसळं अडकलीत, चार वेळा धुतले तरी निघत नाहीत. काय करता तुम्ही लोक?

माळरान
धुतल्यानं अजून आत जातात ती. कुसळाच्या शेपटीला पीळ असतो. ओलं झालं की पीळ उलगडतो, वाळलं की परत बसतो, आणि टोकाला मागं वळलेले केस असल्यामुळं प्रत्येक फेरीला ते पुढंच सरकतं. बी जमिनीत पुरायची त्याची रीत आहे ती. मोजा पूर्ण वाळवा, उलटा करा, आणि ज्या बाजूला टोक बाहेर आलंय त्या बाजूनं चिमट्यानं ओढा. शेपटीकडून ओढलं तर तुटतं आणि टोक आत राहतं. पुढच्या वेळी लोकरीचे किंवा जाळीचे मोजे नको, घट्ट विणीचे सुती, आणि विजार मोज्याच्या बाहेरून. गुळगुळीत कापडाला कुसळ धरत नाही.

बाळीवेस
सापडली. टोकाकडून ओढल्यावर सटासट निघताहेत, सहा झाली, अजून एक मोजा बाकी.